विश्लेषण : नौकेच्या डिझेलचा कर परत मिळतो, मग पॉवर टिलरच्या डिझेलचा का नाही?

जून उजाडला की रत्नागिरी जिल्ह्यात दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. १ जूनपासून मासेमारी बंदी लागू झाल्याने मिरकरवाडा, हर्णे, जयगड, साखरीनाटे इथल्या यांत्रिक नौका किनाऱ्याला लागतात. आणि पावसाने जोर धरला की वरच्या वाड्यांमध्ये चिखलणीसाठी पॉवर टिलर बाहेर पडतात. नौकेच्या आणि टिलरच्या टाकीत जाणारे हाय स्पीड डिझेल एकच. रंग तोच, दर्जा तोच, बऱ्याचदा कंपनीही तीच. फरक आहे तो हिशेबात. नौकेच्या डिझेलवर राज्य सरकारने घेतलेला मूल्यवर्धित कर, म्हणजे व्हॅट, मच्छीमाराला परत मिळण्याची सोय आहे. टिलरवाल्याला ती नाही.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. मच्छीमारांना शेतकऱ्यांप्रमाणे वीजदर, कर्ज, विमा अशा सवलती मिळाव्यात, हा त्यामागचा हेतू. निर्णय योग्यच होता. पण त्यातून एक गमतीशीर स्थिती तयार झाली. मच्छीमार कागदोपत्री शेतकऱ्याच्या रांगेत आला. शेतकरी मात्र डिझेलच्या बाबतीत मच्छीमाराच्या रांगेत गेलेला नाही. चिखलणीचा तासाचा दर ऐकून घाम फुटलेला माणूस हा प्रश्न विचारतोच : शेतीला वेगळे, करसवलतीचे डिझेल का मिळत नाही? अनेक देशांत मिळते. तिकडे त्याला रंग दिलेला असतो.

एका लिटरमागे कर किती?

डिझेल जीएसटीत नाही. त्यावर केंद्राचे उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट असे दोन कर बसतात. केंद्राने नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये शुल्क कमी केले आणि एप्रिल २०२५ मध्ये लिटरमागे २ रुपयांनी वाढवले. त्या वाढीनंतर केंद्राचा वाटा लिटरमागे १७ रुपये ८० पैसे झाला. राज्यात मुंबई, ठाणे, नवी मुंबईत डिझेलवर २४ टक्के आणि उर्वरित महाराष्ट्रात २१ टक्के व्हॅट होता. जुलै २०२४ पासून सगळीकडे २१ टक्के आहे.

हिशेबाच्या सोयीसाठी पंपावरचा दर ९० रुपये धरला तर त्यात राज्याचा वाटा ढोबळमानाने १५ रुपयांच्या आसपास येतो. केंद्राचे पावणेअठरा धरून लिटरमागे ३२-३३ रुपये कराचे. टाकीत ओतलेल्या प्रत्येक तीन लिटरमागे एक लिटरहून थोडे जास्त डिझेल करापोटी गेले, असे समजा.

यात एक बाब सहसा कोणी सांगत नाही. केंद्राच्या त्या पावणेअठरा रुपयांत ४ रुपये ‘कृषी पायाभूत सुविधा आणि विकास उपकर’ या नावाने घेतले जातात. २०२१ च्या अर्थसंकल्पात तो आला. शेतीच्या नावाचा हा उपकर ट्रक, बस, कार यांच्याप्रमाणे शेतात चिखल तुडवणारा टिलरही भरतो. रस्ते व पायाभूत सुविधांसाठीचा २ रुपयांचा उपकर वेगळाच. खाचरात रस्ता नसतो, तरी तो भरावा लागतो.

परदेशातल्या रंगीत डिझेलचे तर्कशास्त्र नेमके इथूनच सुरू होते. इंधनावरचा कर मुख्यत्वे रस्त्यांसाठी, तर रस्त्यावर न धावणाऱ्या यंत्राने तो का भरावा?

रंगीत डिझेल म्हणजे काय?

ब्रिटनमध्ये शेतीसाठीचे डिझेल लाल असते. मार्च २०२२ नंतर साध्या डिझेलवर लिटरमागे ५२.९५ पेन्स शुल्क, तर लाल डिझेलवर १०.१८ पेन्स. एप्रिल २०२२ पासून तिथल्या सरकारने बांधकामासह अनेक उद्योगांची ही सवलत काढून घेतली. शेती, वनीकरण आणि मासेमारी यांची ठेवली. अमेरिकेतही रंग लालच. तिथे संघराज्याचा गॅलनमागे २४.४ सेंटचा कर माफ असतो. रस्त्यावरच्या गाडीच्या टाकीत हे डिझेल सापडले तर किमान १००० डॉलर किंवा गॅलनमागे १० डॉलर, यातली जी रक्कम मोठी तो दंड. आयर्लंडमध्ये शेतीचे डिझेल हिरवे.

तंत्र फार अवघड नाही. डिझेलमध्ये विरघळणारा रंग दशलक्ष भागांत काही भाग इतक्या अल्प प्रमाणात मिसळतात. इंजिनावर त्याचा परिणाम होत नाही. तपासनीस रस्त्यात गाडी थांबवतो, टाकीतून थोडे इंधन काढतो, रंग दिसला की पावती फाडतो. पण डोळ्यांना दिसणारा रंग काढणेही शक्य असते. म्हणून रंगासोबत एक मार्कर, म्हणजे खूण पटवणारे रसायनही मिसळतात. युरोपात बराच काळ वापरात असलेल्या ‘सॉल्व्हंट यलो १२४’ची गंमत अशी, की इंधनात ते लक्षात येत नाही, नमुन्यात आम्ल घालून हलवले की खाली लाल थर दिसतो.

एवढे करूनही चोरी थांबली नाही. आयर्लंडच्या दोन भागांमधल्या सीमेवर वर्षानुवर्षे ‘डिझेल धुण्याचे’ अड्डे चालले. आम्ल किंवा माती वापरून रंग काढायचा, साध्या डिझेलच्या भावात विकायचे आणि उरलेला विषारी गाळ रस्त्याकडेला टाकून पळायचे. तो गाळ उचलण्याचा खर्च सरकारी तिजोरीवर. अखेर २०१५ मध्ये ब्रिटन आणि आयर्लंड यांनी मिळून धुवायला अधिक कठीण असा नवा मार्कर आणला. यंत्रणा सक्षम, अंतरे लहान, भ्रष्टाचार तुलनेने कमी, अशा देशांची ही कथा.

आपल्याकडे इंधनाला रंग दिलाच नव्हता का?

दिला होता. रेशनचे निळे रॉकेल आठवा. १९९३ मध्ये खासगी कंपन्यांना खुल्या बाजारात रॉकेल विकायला परवानगी मिळाली, तेव्हा रेशनचे निळे आणि खुल्या बाजारातले पांढरे अशी ओळख पक्की झाली. हेतू तोच : गरिबाच्या चुलीसाठी आणि दिव्यासाठी दिलेले स्वस्त इंधन दुसरीकडे वळले तर पकडता यावे.

झाले काय, ते सगळ्यांना माहीत आहे. २०११ च्या सुरुवातीला रेशनचे रॉकेल लिटरला १२-१३ रुपये आणि डिझेल ४० च्या आसपास होते. एका लिटरमागे पंचविसाहून अधिक रुपयांची फट. रॉकेल डिझेलमध्ये मिसळले तर इंजिन लगेच बंद पडत नाही. वंगणाचा गुण कमी होतो, इंजेक्शन पंप आणि नोझल हळूहळू झिजतात. ज्याच्या गाडीचे नुकसान होते त्याला कारण कळेपर्यंत नफा वाटून झालेला असतो.

रंग पुरेसा नाही, हे सरकारला कळले नव्हते असे नाही. २००६ मध्ये रॉकेलमध्ये न दिसणारा मार्कर मिसळायला सुरुवात झाली होती. २००८ च्या अखेरीस ती योजना बंद पडली. २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ इंधन भेसळीचा संशय आल्याने मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी गाडी थांबवली, चौकशी सुरू केली आणि त्यांना तिथेच जिवंत जाळण्यात आले. त्याआधी २००५ मध्ये उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खेरीत भेसळीचा पंप बंद करणारा इंडियन ऑइलचा तरुण अधिकारी मंजुनाथ षण्मुगम याचा खून झाला होता. सोनवणे यांच्या मृत्यूनंतर पुन्हा मार्करची चर्चा झाली. प्रत्यक्षात भेसळ कमी झाली ती रॉकेलवरचे अनुदान टप्प्याटप्प्याने संपून फट बुजत गेली तेव्हा.

शेतीसाठी रंगीत डिझेल मागताना ही दोन नावे विसरता येत नाहीत. रंग हा चोराला अडवत नाही. रंग पाहून गाडी अडवणारा माणूस अडवतो, आणि त्याच्या जिवाची हमी कोण घेणार हा प्रश्न राहतोच. व्याप्तीचाही विचार करायला हवा. केंद्राच्या पेट्रोलियम मंत्रालयासाठी झालेल्या आणि २०१४ मध्ये जाहीर झालेल्या पाहणीनुसार देशातल्या किरकोळ डिझेलपैकी सुमारे ७० टक्के वाहतुकीत आणि १३ टक्के शेतीत वापरले जाते. तेरा टक्क्यांसाठी प्रत्येक पंपावर वेगळी टाकी, वेगळे मशीन आणि शेजारीच कितीतरी मोठ्या मागणीचे गिऱ्हाईक. गळतीसाठी याहून सोयीची रचना सापडणार नाही.

मच्छीमारांना सवलत कशी मिळते?

महाराष्ट्राने मच्छीमारांसाठी रंगाचा मार्ग घेतलेला नाही. इथे प्रतिपूर्ती आहे. बंदरावरच्या भाषेत ‘डिझेल परतावा’. यांत्रिक नौकेची नोंदणी आणि मासेमारी परवाना हवा, मालक मच्छीमार सहकारी संस्थेचा सभासद हवा. नौकेच्या इंजिनाप्रमाणे वर्षाचा डिझेल कोटा मंजूर होतो. मालक आधी पूर्ण पैसे मोजून डिझेल घेतो, संस्था मत्स्यव्यवसाय विभागाकडे प्रस्ताव पाठवते आणि व्हॅटची रक्कम नंतर परत येते.

‘नंतर’ या शब्दातच सगळी दुखणी आहेत. परतावा थकल्याची तक्रार कोकणातल्या बंदरांवर जुनी आहे आणि विधिमंडळातही ती वारंवार गाजते. रक्कम अर्थसंकल्पातल्या तरतुदीवर अवलंबून असल्याने तरतूद संपली की पुढच्या वर्षाची वाट. तोवर मालक डिझेलसाठी व्यापाऱ्याकडून उचल घेतो आणि मासळी त्याच व्यापाऱ्याला त्याने सांगितलेल्या भावात घालतो. उशिरा आलेली सवलत अर्धी व्याजात गेलेली असते. दुसऱ्या बाजूने, समुद्रात न गेलेल्या नौकेच्या नावावर कोटा उचलला जातो, अशाही तक्रारी होतात. म्हणजे गळती इथेही आहे. फक्त ती टाकीतून न होता कागदावरून होते. कागदाचा माग काढता येतो, एवढा फायदा मान्य करायला हवा.

मार्च २०२२ मध्ये या पद्धतीची वेगळीच परीक्षा झाली. निवडणुकांच्या काळात तेल कंपन्यांनी पंपावरचे दर गोठवून ठेवले होते. घाऊक ग्राहकांचे दर मात्र एकदम वाढवले. २० मार्चला मुंबईत पंपावर डिझेल ९४ रुपये १४ पैसे आणि घाऊक ग्राहकाला १२२ रुपये ५ पैसे. मच्छीमार संस्थांचे पंप घाऊक ग्राहकांत मोडत होते. फरक सुमारे २८ रुपयांचा, परत मिळणारा व्हॅट त्याहून कमी आणि तोही उशिरा. सवलतीचे डिझेल रस्त्यावरच्या पंपापेक्षा महाग पडू लागले. यापूर्वी जानेवारी २०१३ मध्ये घाऊक ग्राहकांसाठी वेगळा दर आला, तेव्हा एसटीच्या बसगाड्या आगारातला पंप सोडून साध्या पेट्रोल पंपावर रांगा लावू लागल्या होत्या. एकाच इंधनाचे दोन दर ठेवले की माणसे स्वस्त नळीकडे वळणारच. त्यात गुन्हेगारी वृत्ती लागते असे नाही. साधा हिशेब पुरतो.

मग हाच परतावा शेतकऱ्याला देता येईल?

आकडे मांडले तर अडचण दिसते. समजा, एखादी नौका महिन्याला २००० लिटर डिझेल जाळते. लिटरमागे १५ रुपये परत मिळाले तर महिन्याचे ३० हजार होतात. त्यासाठी संस्था, प्रस्ताव, पडताळणी हा सगळा खटाटोप परवडतो. आता अर्धा-पाऊण एकर भात लावणारा शेतकरी घ्या. पॉवर टिलर चिखलणीत तासाला दीड-दोन लिटर डिझेल खातो. नांगरणी, चिखलणी, पुढे मळणी असे मिळून हंगामात ४० लिटर धरले तरी परतावा ६०० रुपये. तेवढ्यासाठी पंपाची बिले जपायची, प्रस्ताव भरायचा आणि तालुक्याच्या गावी दोन खेपा मारायच्या, तर एसटीच्या भाड्यातच त्यातले बरेच पैसे जातात. २०१५-१६ च्या कृषी गणनेत राज्याचे सरासरी धारण क्षेत्र १.३४ हेक्टर होते. कोकणात तेही आठ-दहा तुकड्यांत विखुरलेले. शेकडो एकरांचे शेत आणि दाराशी डिझेलची टाकी असलेल्या ब्रिटिश शेतकऱ्याची व्यवस्था इथे जशीच्या तशी बसत नाही.

काही राज्यांनी म्हणून लिटर मोजण्याऐवजी एकर मोजले. बिहारमध्ये पाऊस ओढ देतो तेव्हा डिझेल पंपाने पाणी देणाऱ्या शेतकऱ्याला अनुदान मिळते. २०२३ च्या खरिपात ते लिटरमागे ७५ रुपये आणि एकरी एका पाळीला १० लिटर, म्हणजे ७५० रुपये होते. कर्नाटकाने २०२२-२३ मध्ये ‘रयत शक्ती’ योजनेत एकरी २५० रुपये, कमाल पाच एकरांपर्यंत, थेट खात्यात देण्याचे जाहीर केले. इंधनाला रंग द्यायचा नाही, दर बदलायचा नाही; पैसे माणसाला द्यायचे.

महाराष्ट्रात असे करण्याची साधने आहेत. कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक १५ एप्रिल २०२५ पासून बंधनकारक झाला आहे. क्षेत्र, पीक, बँक खाते सगळे जोडलेले. पण कोकणात गाडी अडते ती सातबाऱ्यावर. एका उताऱ्यावर वीस-पंचवीस नावे. निम्मी मंडळी मुंबई-ठाण्यात, काही हयात नाहीत, वारस लागलेले नाहीत. जमीन प्रत्यक्षात कसणारा चुलता किंवा शेजारी, ज्याचे नाव एखाद्या कोपऱ्यात असते किंवा नसतेच. त्यात टिलर बहुधा भाड्याचा. डिझेल विकत घेतो टिलरवाला, तासाचा दर देतो कसणारा आणि एकरी अनुदान जाईल ते उताऱ्यावरच्या नावाला. गणपतीला गावी येणाऱ्या भावाच्या खात्यात डिझेलचे पैसे जमा आणि चिखलात उभ्या असलेल्याला काही नाही, असे व्हायला वेळ लागणार नाही. यावर उपाय अशक्य नाही. नोंदणीकृत पॉवर टिलर किंवा अवजार बँकेला तासांच्या नोंदीवर परतावा देऊन भाड्याचा दर बांधून घेता येईल. नौकेच्या कोट्याशी मिळतीजुळती रचना होईल आणि मोजायची यंत्रे शेतकऱ्यांच्या तुलनेत कितीतरी कमी असतील.

इथे आणखी एक तुलना टाळता येत नाही. राज्य सरकारने ‘मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजने’त साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना एप्रिल २०२४ पासून पाच वर्षे मोफत वीज दिली. विहिरीवर मोटर असलेल्या ऊस-कांद्याच्या पट्ट्याला त्याचा मोठा लाभ. पावसावर भात काढणाऱ्या, उतारावर वीज न पोहोचलेल्या आंबा बागेत डिझेल इंजिनावर फवारणी करणाऱ्या कोकणाच्या वाट्याला त्यातले फारच थोडे येते. ऊर्जेची सवलत द्यायची ठरली असेल तर ती तारेतून आली तरच शेतीची आणि कॅनमधून आली तर नाही, या भेदाला काही आधार नाही. रंगीत डिझेलची मागणी मागे ठेवली तरी ही मागणी रास्त आहे.

बंदरावरचे ‘स्वस्त डिझेल’ टिलरला चालेल का?

हा प्रश्न गावोगावी विचारला जातो, म्हणून स्पष्ट सांगायला हवे. नौकेच्या कोट्यातले डिझेल रासायनिकदृष्ट्या पंपावरचेच असते. पण ते परस्पर विकणे म्हणजे परताव्याची फसवणूक आहे आणि परवान्याशिवाय डिझेलचा धंदा करणे हा जीवनावश्यक वस्तू कायद्याखालचा गुन्हा आहे.

दुसरा प्रकार जास्त धोक्याचा. समुद्रात मोठ्या जहाजांवरून उतरवलेले इंधन मासेमारी नौकांतून किनाऱ्यावर आणल्याचे गुन्हे रायगड-रत्नागिरीच्या पट्ट्यात अधूनमधून नोंदले जातात. त्यात गंधकाचे प्रमाण किती, पाणी किती, आणखी काय मिसळले आहे, याची हमी कोणीच देत नाही. ‘बायोडिझेल’ या नावाने टँकरमधून विकल्या जाणाऱ्या औद्योगिक तेलांचेही तेच. लिटरमागे पंधरा-वीस रुपये वाचतात, आणि ऐन चिखलणीत इंजेक्शन पंप बसला की दुरुस्तीत हंगामाची सगळी बचत जाते, शिवाय रोप तरव्यात वाढत राहते.

शेतीसाठी कॅनमध्ये डिझेल नेणे बेकायदा आहे, असा गैरसमजही आहे. पेट्रोलियम कायद्यानुसार डिझेल ज्या ‘ब’ वर्गात येते, ते २५०० लिटरपर्यंत, आणि एका भांड्यात १००० लिटरहून जास्त नाही, अशा मर्यादेत स्वतःच्या वापरासाठी बाळगायला परवाना लागत नाही. पेट्रोलला ही मुभा नाही. तिथे मर्यादा बरीच कमी आहे. ग्रासकटर आणि छोटे फवारणी पंप पेट्रोलवर चालतात, त्यामुळे दोन्ही कॅन एकाच पडवीत ठेवणाऱ्यांनी त्यावर नावे लिहून ठेवावीत. आणि पंपावरून डिझेल घेताना बिल मागून घ्यावे. इंधनात दोष निघाला तर तक्रारीसाठी तोच पहिला पुरावा असतो.